रिकामं पाकीट

मुलीच्या पत्राला नानांनी उत्तर दिलंच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती परदेशी गेली, त्याच महिन्यात परदेशी फोन आणि इंटरनेटवरचं बोलणं सरकारने बंद केलं. उरलं टपाल. तिचं चार पानी पत्र आलं, आणि नाना गप्पच राहिले. त्यांची बहीण भेटेल तेव्हा टोचायची, "दादा, दोन ओळी खरडायला हात झिजतो का तुझा?" नाना पुस्तकात डोकं खुपसत.

सरकारी फायरवॉलच्या, म्हणजे परदेशी इंटरनेट अडवणाऱ्या यंत्रणेच्या, खोलीत ते सर्वांत जुने. त्या सकाळी नव्या इंजिनिअरबाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. कुणीतरी परदेशात स्वतःचा सर्व्हर घेऊन खासगी व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवणारी गुप्त लाइन, चालवत होतं. त्या सर्व्हरचा पत्ता अडवायच्या कुठल्याच यादीत नव्हता.

"आतलं वाचता येत नाही, नाना. पण चाल लपत नाही. माहितीचं पहिलं पाकीट दर वेळी एकशे अठ्ठेचाळीस बाइटचं, उत्तराचं ब्याण्णवचं. आणि एरवी दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामं पाकीट, लाइन जिवंत राहावी म्हणून."

एखाद्या कारखान्याचं यंत्र असेल, असं नाना पुटपुटले. बाई हसल्या. कारखाना रोज संध्याकाळी सातला तासभर गप्पा मारतो होय? त्या तासात दोन्हीकडून पाकिटांची रीघ लागायची.

"म्हणजे कुणाचं तरी घरच्यांशी बोलणं तुटेल," नाना म्हणाले.

"तुटेल. पण आज सोडलं तर साहेब उद्या नाव शोधायला लावतील. मग माणूसच आत जाईल."

बाईंचा बेत साधा होता. लाइन कुणाची ते विचारायचंच नाही. त्या मापाची पाकिटं अडवणारा नियम लावायचा आणि मोकळं व्हायचं.

नानांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. या नोकरीत आपलं चुकतंय, असं त्यांना नेहमीच वाटे. शेवटी त्यांनी नियम ओळीओळीने तपासला, त्यातली एक चूक स्वतःच दुरुस्त केली आणि मंजुरी दिली. पडद्यावरची रेघ सपाट झाली. बाई चहा आणायला उठल्या.

घरी जाताना नाना टपाल कचेरीत शिरले. तिथल्या उंच टेबलाशी उभ्यानेच त्यांनी लिहिलं, दोनदा वाचलं आणि पत्र पेटीत टाकलं.

"बाळ, तुझ्या पत्रात लिहिलं होतंस तसंच सगळं जोडलं आणि सहा वर्षं आपलं बोलणं छान चाललं, म्हणून उत्तराची कधी गरजच पडली नाही. आता संध्याकाळी सातला माझी वाट बघू नकोस."