चुकायला अर्धा तास

"दहा तास? आई, दहा तास विमानतळावर बसून तू करणार काय?" फोनवर मुलगा जवळजवळ ओरडलाच.

"बसतंय कोण! गाव बघीन. तुझ्याकडे यायच्या थेट विमानाच्या निम्म्या पैशांत पडतं हे. आणि दिवसभरासाठी तिथे व्हिसाही लागत नाही."

"पण हा थांबा आहे कुठे?"

"असेल वाटेत कुठेतरी. स्वस्त होतं ते घेतलं."

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंच्या तोंडी 'कुठेतरी' शोभत नव्हतं. पण मुलगा घाईत होता.

शाळेत असताना दरवर्षीची सहल बाईच आखायच्या. कमी खर्चात, उकडलेली अंडी आणि पाव बांधून घेऊन. वेळापत्रकात त्यांची एक ओळ ठरलेली असे: 'चुकायला अर्धा तास.' मुख्याध्यापक हसायचे. पण बाईंची सहल कधी उशिरा परतली नाही.

आता त्यांना स्वतःची सहल आखायची होती. आपल्या भाषेतल्या भटक्यांचं एक संकेतस्थळ त्यांनी शोधून काढलं. परक्या गावात राहणारी माणसं तिथे टोपणनावाने नवख्यांना वाट दाखवायची. बाईंनी नाव घेतलं 'नकाशा'. त्या गावातून उत्तर देणारं एकच कुणीतरी होतं: 'जुना मफलर'.

'सामान कुठे ठेवावं?' बाईंनी विचारलं.

'तळमजल्यावर लॉकर आहेत. सुटी नाणी लागतात.'

'स्वस्तात पोटभर काय मिळेल?'

'बाजारामागे सूप. पाव फुकट, दुसऱ्यांदा मागितला तरी. आम्ही मागतो.'

'नदी कोणत्या दिशेला वाहते?'

'हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बघून सांगू.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'पश्चिमेला.'

शेजारीण रोज डोकावायची. "काय म्हणतायत तुमचे मफलरराव?"

"कुणीतरी रिटायर्ड गृहस्थ आहेत. स्वतःला आम्ही म्हणवतात. तिरसट, पण कामाचे."

"जपून हो! या वयात नदीच्या दिशा विचारताय!"

"तोंड आवर आणि ही लोकर धर," बाई म्हणाल्या. उत्तराची वाट बघताना त्या विणत बसायच्या. लक्ष नसलं की टाके चुकायचे आणि एक टोक रुंद व्हायचं. जुनीच खोड.

मग एका सकाळी त्यांनी खरा प्रश्न विचारला, अगदी सहज विचारल्यासारखा. 'चार नंबरच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळची गल्ली बघण्यासारखी आहे का?'

'नाही. राहती घरं आहेत नुसती.'

बाईंना ते ठाऊकच होतं. कपाटात एक पाकीट होतं, त्याच्या मागे त्या गल्लीतला सतरा नंबरचा पत्ता होता. अकरा वर्षांपूर्वी मुलगी स्वतःच्या मनाने लग्न करून निघाली, तेव्हा 'या घराचं दार तुला बंद' असं बाई बोलून गेल्या होत्या. नंतर आलेली पत्रं त्यांनी न उघडता परत पाठवली. हे शेवटचं तेवढं ठेवून घेतलं, पण उघडायचा धीर झाला नाही. पुढे पत्रं आलीच नाहीत. नऊ वर्षांची नात आहे, एवढं मुलाच्या बोलण्यात एकदा येऊन गेलं होतं.

भेटायला तोंड नव्हतं. लांबून बघायचं, पोर शाळेतून आली की डोळे भरून बघायचं, आणि विमान गाठायचं. बस.

त्यांनी तास-मिनिटांसकट सगळा बेत लिहून मफलररावांकडे तपासायला पाठवला. बाजार, सूप, नदी, ट्राम. दोन ते अडीच: चुकायला अर्धा तास. अडीच ते चार: गल्ली.

चार दिवस उत्तर नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. म्हाताऱ्याला काही झालं की काय?

पाचव्या दिवशी आलं, तेही लांबलचक. 'बेत चांगला आहे. ट्राममध्ये तोंड पुढे करून बसा, उलट्या सीटवर मळमळतं. शेवटच्या थांब्यावर उतरून डावीकडे वळा, तिसऱ्या झाडाशी उजवीकडे. पिवळ्या फाटकासमोर बाक आहे. दुपारी तिथे ऊन येतं. शाल असू द्या.'

आपल्याला मळमळतं हे याला कसं कळलं? बाई हसल्या. म्हाताऱ्यांची दुखणी सगळीकडे सारखीच.

आणि तो दिवस आला. नाणी लॉकरला चालली. सूप खरंच चांगलं होतं. दुसरा पाव मागताना बाईंना शाळकरी पोरीसारखी गंमत वाटली. नदी पश्चिमेला वाहत होती. पुलावर उभं राहून त्यांनी सूर्यावरून खात्री करून घेतली.

ट्राममध्ये त्या तोंड पुढे करून बसल्या. डावीकडे, तिसरं झाड, उजवीकडे. रस्ता इतका नेमका सांगितला होता की चुकायला जागाच नव्हती. बरोबर दोन वाजता त्या बाकाशी पोचल्या.

समोर पिवळं फाटक होतं. त्यावर आकडा होता, सतरा.

बाई बाकाच्या कडेवर टेकल्या. उठून लांब जावं असं वाटलं. पण बाकावर ऊन होतं, आणि योगायोग म्हणतात तो हाच, अशी मनाची समजूत घालून त्या बसून राहिल्या. खिडकीतला पडदा किंचित हलल्यासारखा वाटला. बाईंनी शाल कपाळापर्यंत ओढली. दहा मिनिटं गेली. वीस. शाळेतून येणारं कुणी दिसेना. आज सुट्टी असली तर? एवढ्या लांब येऊन रिकाम्या डोळ्यांनी परत जायचं?

अडीच वाजले आणि फाटक आतून उघडलं.

एक मुलगी रस्ता ओलांडून सरळ त्यांच्याकडे आली. तिच्या गळ्यात एक विटका, विटकरी मफलर होता. तिला फारच लांब, आणि एका टोकाला रुंद.

"हे तुमच्यासाठी," अडखळत म्हणून तिने वहीचा एक घडी घातलेला कागद पुढे केला.

बाईंनी तो उघडला. डावीकडे कललेलं ते अक्षर त्यांनी स्वतः गिरवून घेतलेलं होतं.

'चुकायचा अर्धा तास संपला, आई. दार उघडंच आहे, आत ये.'