आठ हजार पावलं

अजून दोन हजार पावलं बाकी होती, आणि भिमाबाईचे गुडघे बोलायला लागले होते.

शाळेच्या मैदानाला तिचा हा अकरावा फेरा. शेजारची उमादेवी शेळी सोडायला आली होती, ती कुंपणापाशीच थांबली.

"घड्याळ काकांचं आन पाय तुमचे. बरं चाललंय, काकू."

"पाय कुनाचे का असंनात. आकडा भरला की झालं."

"आन किती दिस चालवनार असं?"

"जमतंय तवर."

उमादेवी शेळी घेऊन पुढं गेली. तिनंच काय, गल्लीत कुणीच प्रसेनजितला काही सांगायचं नाही, असं भिमाबाईनं दारोदार हात जोडून सांगितलं होतं.

प्रसेनजित तिचा एकुलता एक. बंगळूरला नोकरीला. पहिले सहा महिने सुट्टी नाही, असा त्या कंपनीचा कायदा. तिथं चालण्याची स्पर्धा काढलेली: नोकरदारानं चालायचं, आणि त्याच्या आईबापातल्या एकानं गावाकडं चालायचं. बापाला शुगर, म्हणून पोरानं बापाचंच नाव घातलं. घड्याळ पाठवलं, काळे बूट पाठवले, लाल नाड्यांचे. मनगटावरचा आकडा फोनमधून थेट बंगळूरला जायचा. आठ हजाराच्या खाली आला की संध्याकाळी फोन: "बाबा, बरं नाही का? येऊ का मी नोकरी सोडून?"

ही नोकरी लागायला पोरानं तीन वर्षं घासली होती.

पहिले दोन आठवडे तिचा नवरा मच्छिंद्र स्वतः चालला. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, पण सगळं सायकलवर आणि चपलेत. बूट घालून मैदानाला फेऱ्या मारायला लागला तेव्हा पोरंटोरं हसली. यानं अंगठा वर करून फोटो काढून घेतला. मग उजव्या पायाच्या अंगठ्याला एक फोड आला, आणि त्याचं चालणं बंद पडलं ते पडलंच.

तेव्हापासून सकाळी त्याचं आवरायचं, बांगडीतली पिन काढून त्याच्या पायजम्याला लावायची, घड्याळ आपल्या मनगटावर चढवायचं आणि बाहेर पडायचं, असा भिमाबाईचा नेम झाला. भाकरी थापतानाही घड्याळ पावलं मोजतं, हे तिनं आठवड्याभरातच ओळखलं होतं. पण दोघांच्या भाकरी थापून थापून किती थापणार? सुरुवातीलाच सोलापूरला बारा दिवस राहावं लागलं, तिथंसुद्धा तिनं व्हरांड्यात फेऱ्या मारून आकडा पडू दिला नाही. पोराला सांगितलं, नणंदेकडं आलोय.

आकडा भरून ती घरी आली तेव्हा मच्छिंद्र खाटेवर पेपर वाचत बसला होता.

"किती झाली गं माझी?"

"आठ हजार चाळीस. दमला असाल, च्या टाकते."

तो हसला. मग पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "सांगून टाकू या गं त्येला."

"सांगा की. तुमीच सांगा."

त्यानं पेपर पुन्हा उचलला. दर चार दिवसांनी हे बोलणं व्हायचं आणि इथंच येऊन थांबायचं.

तेवढ्यात फोन वाजला. मच्छिंद्रनं तो छातीसमोर धरला. पडद्यावर पोराचं तोंड, कानापर्यंत हसू.

"बाबा! तुमचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. सगळे म्हणतात, प्रसेनजित, तुझे बाबा तर हिरो आहेत!"

"व्हय का?"

"आणि केवढे बारीक झालात! किती उतरलं वजन?"

"उतरलं की. सात किलो."

"बघा! मी म्हणत नव्हतो? आईचं ऐकत नव्हता, माझं ऐकलंत."

भिमाबाई चुलीकडं तोंड करून उभी राहिली. दूध उतू गेलं तरी तिला दिसलं नाही.

"बाबा, एक विचारू? तो फोटो बघताना वाटलं, बूट जरा घट्ट होते का हो? मी आपला अंदाजानं आठ नंबर घेतला."

"न्हाय रे. लई झकास व्हते. पायात हायत का न्हाईत, तेबी कळायचं न्हाय."

"तरी मी नऊ नंबर पाठवलाय, आज पोचेल. आणि ऐका, सहा महिने संपले माझे! रविवारी सकाळी घरी येतोय. आपण दोघं मिळून मैदानाला फेऱ्या मारू. मी हरणार, ते माहितीये मला!"

"ये," मच्छिंद्र म्हणाला. "ये बाबा."

फोन बंद झाल्यावर भिमाबाईनं बोटांवर दिवस मोजले. आज गुरुवार होता.

दिवस मावळायच्या आत कळंबहून कुरिअरवाला आला. खोक्यावर पोराच्या हातची चिठ्ठी: 'माझ्या चालत्या बाबांना.' मच्छिंद्रनं ती दोनदा वाचली आणि उशीखाली सरकवली.

"आन हिकडं. घालून बघतो."

"कशाला आत्ता?"

"पोरगं इचारंल, माप बराबर हाय का म्हनून. खोटं किती बोलायचं?"

भिमाबाई खाली बसली. तिनं डाव्या बुटाची नाडी सैल केली, टाचेला आधार देऊन बूट चढवला. अलगद गेला. मच्छिंद्रनं आतल्या आत बोटं हलवून बघितली.

"ह्योच नंबर गं," तो म्हणाला. "पयल्यांदाच ह्यो धाडला असता तर..."

"गप बसा."

उजवा बूट तिनं पातळ कागदात गुंडाळून खोक्यात परत ठेवला. मग बांगडीतली पिन काढली, आणि सुटत आलेला पायजम्याचा उजवा, रिकामा पाय गुडघ्यापाशी नीट दुमडून पुन्हा टाचला.