घिरट्या

ब्राह्मणपुरीच्या केळीच्या वावरावर ते छोटं विमान कितीतरी वेळ घिरट्या घालत होतं, तेही इतकं सावकाश, की सगळ्या गावानं बघावं.

"वहिनी, देखा ना, तुमनी बहीन!" नणंद ओरडली.

रूपालीनं मान वर केली नाही. तिला बारावी होताच उजवून दिलं होतं. धाकट्या गायत्रीला मात्र त्याच बापानं वैमानिक व्हायला पाठवलं. आज ती जवळच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा एकटी विमान उडवणार, हे सकाळीच कळलं होतं. 'मन्हाच डोकावर नाचाले ऊनी,' असं पुटपुटत रूपाली विळ्यानं गवत कापत राहिली. विमानाचा आवाज पार विरला, तेव्हाच तिनं पाठ सरळ केली.

संध्याकाळी गायत्रीचा फोन आला.

"ताई, धावपट्टीवर दुसरं इमान घसरीसन आडवं पडेल व्हतं. सर रेडिओवर बोलनात, 'उतरू नकोस. इंजिनाचा जोर कमी कर, हळूहळू फिर, जितका वेळ वर राहता येईल तितका राहा.' तेल सरत चालनं व्हतं. माले भलतं भ्याव वाटनं. मंग खाले वावरमा तुन्ही लाल साडी दिखनी, अन् मी तठेच फिरत ऱ्हायनू. तू माले देखं ना, ताई?"

रूपालीनं लाल साडीच्या पदराला चिकटलेलं गवत झटकलं.

"देखं ना, बाई," ती म्हणाली. "पूरा येळ तुन्हाकडेच देखी ऱ्हायंतू."