भर दुपारी मुलगी बघणं

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या सगुणेने जन्मात दुपारी डुलकी घेतली नाही!” भिकोबा आजोबा पाहुण्यांना सांगत होते.

गुरांचा सर्रा रोग जावा म्हणून गुरांना माणसाच्या रक्तातलं, सर्र्याचे जंतू मारणारं द्रव्य टोचलं गेलं, आणि सर्र्याचे जंतू गुरांच्या अंगातच माणसाचं रक्त पचवायला शिकले. गोमाशीने ते माणसांत आणले, आणि लागण झालेली माणसं दिवसाढवळ्या पेंगू लागली. तेव्हापासून मुलगी बघायची ती पुरणपोळीच्या जेवणानंतर, भर दुपारी. जी पेंगेल तिला पाहुण्यांनीच झोपछावणीत पोचवायचं. तिथून कुणी परतत नसे.

सगुणा भिंतीला टेकून ताठ बसली होती, डोळे टक्क उघडे.

“बघा, पापणीसुद्धा लवत नाही!”

मुलाची आत्या जवळ जाऊन वाकली.

“कशी लवेल, आजोबा? डिंकाने भुवईला चिकटवलीय. पोरगी घोरतेय.”