जिंकल्यावरचं वाक्य

काकांनी रुमालाची घडी उलगडली आणि आतली गेमची डिस्क काउंटरवर ठेवली. "ही चालेल असं मशीन हवंय," ते म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने आधी डिस्क पाहिली, मग काकांच्या पांढऱ्या मिशा. खिशाला टेस्टर अडकवलेला होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभी हयात गेली, नोकरी संपली, पण टेस्टर काही खिशातून निघाला नव्हता.

"नातवासाठी का?"

"माझ्यासाठी. घरचं मशीन बंद पडलं. उघडून बघितलं, लेन्स गेलीय. कुठे मिळत नाही."

"कशी मिळेल? ते मॉडेल बंद होऊन नऊ वर्षं झाली. आता त्याच कार्टूनवरचा नवा मारामारीचा गेम आलाय, पण दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. तुमची डिस्क त्यात चालायची नाही. दोन्ही कंपन्यांत विस्तव जात नाही."

"नव्यात ती लांब वेणीवाली आहे?"

"आहे ना. बसा, दाखवते."

दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. गिऱ्हाईक आयतं स्टुलावर बसलेलं पाहून मुलीला हुरूप आला. जुन्या गेममध्ये लढणारे चौदा, यात बावन्न. जुन्यात मागचा डोंगर नुसता रंगवलेला, यात लाथ चुकून डोंगराला बसली तरी दगड फुटतो. "आणि जुन्यात बटण दाबल्यापासून ती उडी मारेपर्यंत समोरचा चहा पिऊन यायचा."

"खरंय," काका म्हणाले. "जुन्या लिफ्टसारखी. आधी विचार करायची, मग वर जायची."

नव्या गेममधली वेणीवाली खरोखर देखणी झाली होती. वेणीचा केस न् केस हलत होता. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ते कानात प्राण आणून बसले. मुलीने समोरच्या गड्याला चार फटक्यांत लोळवलं. वेणीवाली वळली आणि स्वच्छ, धारदार आवाजात म्हणाली, "ऊठ. एवढ्यात दमलास?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "चांगली बोलते ही मुलगी," ते म्हणाले. जे खरं ते खरं. "पण ही ती नाही."

"ती कोण?"

"आमची ही."

मुलीने काउंटरवरच्या डिस्ककडे पाहिलं. "म्हणजे जुन्या वेणीवालीचा आवाज..."

"तिचाच. पाच वाक्यं होती. किंचाळणं वेगळं." काका जरासे हसले. "जाऊन दोन वर्षं होतील आता."

काचेच्या कपाटावर शोभेला ठेवलेलं तसलंच एक जुनं मशीन मुलीने खाली उतरवलं आणि ओढणीने पुसलं. "हे मालक विकत नाहीत," ती म्हणाली. "पण चालतं. आणि या वेळेला दुकानात कुणी नसतं. रोजच नसतं."

वायरी काकांनीच जोडल्या. डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा फिरायला लागली. पडद्यावर तो रंगवलेला डोंगर आला तेव्हा काकांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी सोटेवाला जाड्या निवडला आणि समोर मशीनच्या बाजूने लढायला वेणीवाली घेतली. मग कंट्रोलर मांडीवर ठेवून ते स्वस्थ बसून राहिले.

"काका, मारा ना. निदान अडवा तरी."

"अडवलं तर वेळ लागतो. ती जिंकल्याशिवाय ते वाक्य बोलत नाही." काका पडद्याकडेच बघत होते. "तीस वर्षं मला अहो म्हणाली. मी म्हणायचो, एकदा अरे म्हणून बघ, कुणी ऐकत नाहीये. तर म्हणे, जीभच वळत नाही. मग हे काम आलं. सराव करायचा म्हणून मला स्वयंपाकघरात आडवं पाडलं, वर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि हसत सुटली. वाक्य काही निघेना. मीच घाबरलो, म्हटलं काम जातंय हातचं."

"मग?"

"मग स्टुडिओत म्हणाली. मी काचेबाहेर बसलो होतो. माझ्याकडे बघून म्हणाली. वर एक शब्द जास्तीचा घातला, तो त्यांनी तसाच ठेवला."

तो एक शब्द पुन्हा कानावर पडावा म्हणून गेला महिनाभर त्यांचा जीव तुटत होता. आणि मशीनची वेणीवाली दोन पावलं पुढे यायची, दोन मागे जायची. सोटेवाला जाड्या मार खायला तयार उभा, पण मारणारीलाच घाई नव्हती.

मुलीने दुसरा कंट्रोलर ओढला. "मशीन चेंगट आहे. मी घेते तिला. तुम्ही फक्त पडा."

"बरं," काका म्हणाले.

पहिली लाथ बसली, दुसरी बसली. जाड्या सोट्यासकट धाडकन आडवा झाला. वेणीवाली जुन्या सवयीने जरा थांबली, मग वळली. स्पीकर खरखरला आणि आवाज आला, थोडा बसका, पहिल्या शब्दात दाबून धरलेलं हसू असलेला.

"अरे ऊठ. एवढ्यात दमलास?"

काका स्टुलावरून उठून उभे राहिले होते. मुलीने पडद्यावरची नजर हलवली नाही. तिने पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं.

"उठलो गं," काका म्हणाले, आणि पुन्हा पडायला खाली बसले.