बदली

ते २०२२ साल. वेळशेतच्या अणुवीज केंद्राच्या डॉक्टरीणबाई भावना मॅडम भिवंडीजवळच्या कोनमधल्या नामाच्या ओट्यावर बसून त्याच्या छातीला नळी लावत होत्या, आणि दाराआड उभ्या सुवर्णाचा जीव त्या नळीत अडकला होता.

सुवर्णा नामाची सून. नवरा हितेश कल्याण रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा दर्शन चार वर्षांचा होता. आता त्या एकुलत्या एका पोरापुढे दोनच वाटा होत्या. भिवंडीत कापडाच्या लूमवर जायचं, नाहीतर वेळशेतला.

कोकणातलं ते केंद्र पन्नाशी ओलांडलेलं. ते बंद करा म्हणून मोर्चे निघत होते. केंद्र मात्र आतले जुने पाइप बदलून आणखी दहा वर्षं चालवू म्हणत होतं. त्या कामाला पोरं हवी होती, जुन्या कामगारांच्या घरातली आधी. नामाच्या नावावर तिथली एकोणीस वर्षांची नोकरी होती. सुवर्णा लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधी ती संपली होती.

“आतल्या भागात काम केलंत ना, आजोबा?” भावना मॅडमनी विचारलं.

“क्काय?”

“आजा, आतमध्ये होतास का म्हणतात!” दर्शन ओरडला.

“हां. आतच.”

“कान गेलेत. मशिनांचा आवाज,” मॅडम म्हणाल्या. “पण ऐंशीव्या वर्षी असं हृदय मी पाहिलं नाही. छाती जरा खरखरते. विडी ओढता?”

“वढतो की. आनलीस का तू येक?”

सगळे हसले. नामाची बायको बायजाबाई तेवढी हसली नाही. ती कोपऱ्यात सुपातले तांदूळ निवडत होती.

मॅडमनी मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला. केंद्राच्या दारात डोक्यावर टोप्या घातलेली माणसं ओळीनं उभी होती. “यातले तुम्ही कोणते?”

नामानं खूप वेळ पाहिलं, एका तरुणावर बोट ठेवलं आणि ते बोट उचललंच नाही. सुवर्णानं वाकून पाहिलं. चेहरा थेट भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारखा. शेवटी सख्खे भाऊ.

भिंतीवरचा तो हिरामण, नामाचा धाकटा भाऊ. भिवंडीतल्या टेमघरला लूम चालवायचा, असं तिला सांगितलेलं. रक्ताच्या आजारानं चाळिशीच्या आत गेला. कापसाची धूळ माणसाला आतून कशी खाते, ते भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही.

“लोक उगाच घाबरतात,” मॅडम उठता उठता म्हणाल्या. “जुन्या कामगारांच्या तब्येतीच्या माझ्या अहवालात पहिलं नाव तुमचं, आजोबा.”

गाडी वळणापलीकडे गेली तशी बायजाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

“सुवर्णा, पोराला लूमवर घाल. तिकडं नको.”

“आई, लूमनं काय केलं ते भिंतीवर दिसतंय की. आणि मामंजींकडे बघा, नवरदेवासारखे बसलेत.”

“हिरामण बदलीवर गेला, आन् तिकडंच संपला. मी काय सांगतंय…”

“बाये!” नामा गरजला. हे मात्र त्याला बरोबर ऐकू आलं. “सरकारी मान्सं आत्ताच गेलीत. गप ऱ्हा.”

बायजाबाई पुन्हा सुपावर वाकली.

सुवर्णाचे वडील एसटीत कंडक्टर. बदलीच्या नावानं तिच्या गणेशपुरीच्या घरी दर दोन वर्षांनी रडारड व्हायची. आज शहापूर, उद्या जव्हार. लूमवाल्यांचीही बदली होते, हे तिला नवीनच होतं. म्हातारीला दिराची आठवण अजून बोचते, एवढंच तिनं मनात धरलं. नामा धोतराचा सुटलेला दोरा चिमटीत घेऊन एका हातानं बारीक गाठी मारत बसला होता. जुनी सवय.

“जा रे वेळशेतला,” तिनं दर्शनला सांगितलं. “आजाचं नाव राख.”

पुढे अहवाल छापून आला. केंद्राला दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. भावना मॅडम बढतीवर दिल्लीला गेल्या. दर्शन आतल्या पाइपांच्या टोळीत लागला आणि दिवाळीला आईसाठी मोरपिशी साडी घेऊन आला. तो आला की बायजाबाई त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नुसती बघत बसायची. पुढच्या माघात ती गेली. तिच्या मागोमाग नामाही गेला, झोपेतच, कसलंही दुखणं न काढता.

नामाच्या दहाव्याला टेमघरहून अन्सारी चाचा आले. पांढरी दाढी, हातात काठी. सुवर्णानं त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते नामाच्या नव्या फोटोपुढे उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरले.

“ऐसा कारीगर फिर नहीं मिला, बेटी. बरसों मेरे बाजू की लूम पे था. एक हाथ से गाठ मारता था.”

“चाचा, तुमची चूक होतेय,” सुवर्णा म्हणाली. “लूमवर धाकटे मामंजी होते. हे तर वेळशेतला.”

चाचांनी दोन्ही फोटोंकडे आळीपाळीनं पाहिलं.

“चूक नाय, बेटी. वेळशेत का कागज नामा के नाम पे आया था, मगर उसका दिल लूम में था. तो अपने यहाँ जैसा करते हैं वैसा किया. नाम एक का, ड्युटी पे दूसरा.” त्यांनी काठी उचलून हिरामणच्या फोटोकडे दाखवली. “वेळशेत में तो ये था. नामा की बदली में.”