भांडता येणे आवश्यक

कोरियात, सोलमध्ये, घरं उबदार ठेवणारे बॉयलर विकणाऱ्या एका कंपनीने तक्रारींचे फोन घेणाऱ्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं आणि त्यांच्या जागी बोलणारं यंत्र बसवलं. यंत्र फार सुशील निघालं. गिऱ्हाईक खेकसलं की अडखळायचं. म्हणून कंपनीने नवी जागा काढली. काम : सरावासाठी यंत्राशी भांडणे.

आधीच्या उमेदवारांनी "माफ करा हं" म्हणून भांडणाला सुरुवात केली आणि ते परत गेले.

मग मिजोंग आली. बारा वर्षं तिने याच कंपनीत शिव्या ऐकल्या होत्या. बोलण्यात दक्षिणेकडच्या बुसानचा रांगडा ठसका येतो म्हणून दरमहा तिचे गुण कापणारे आणि शेवटी तिला काढणारे टीमप्रमुख क्वाकच मुलाखतीला बसले होते.

"समजा, ऐन थंडीत बॉयलर बंद पडलाय. करा सुरुवात, मिजोंगबाई."

"काय रे ए!" अस्सल बुसानी ठसक्यात मिजोंग कडाडली. "इथे सासू गारठून काकडलीय, आणि तू 'आपली गैरसोय समजते' म्हणतोस? उबेत बसून तुला काय डोंबल समजतं? फोन घेणारी माणसं हाकललीस, आता भिंतीशी बोलू? लाज कशी वाटत नाही रे?"

यंत्राने चारचारदा माफी मागितली आणि बंद पडलं.

क्वाकसाहेबांनी कपाळ पुसलं. "सोमवारपासून या. पण बाई, यंत्र तिकडे कोपऱ्यात होतं. तुम्ही सगळा वेळ माझ्याकडे बघत होतात."

"यंत्राशी माझं काहीच भांडण नाही, साहेब."